नव्या नाण्यांचा कस

पेशवाईतील व्यापाऱ्यास एकच रुपया ठाऊक नव्हता. अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही असे नाना टांकसाळींचे रुपये एकाच बाजारात फिरत आणि सराफ प्रत्येकाचा कस पाहून त्यावर बट्टा आकारीत असे. आज तोच प्रसंग निराळ्या वेषात आला आहे. जानेवारी २००९ मध्ये बिटकॉइन अवतरले आणि त्यामागोमाग हजारो आभासी नाणी निघाली. टांकसाळी वाढल्या, सराफ मात्र नाहीसा झाला. या पर्यायी नाण्यांस पाठबळ द्यावे काय, हा प्रश्न आता तज्ज्ञांपुरता राहिलेला नसून मध्यमवर्गीयाच्या पासबुकापर्यंत येऊन पोहोचला आहे.

या नाण्यांचा सरसकट धिक्कार करणे सोपे आहे. परंतु ते न्याय्य नव्हे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या इथेरियमने नुसते पैसे पाठविण्याचीच नव्हे, तर ठरलेल्या अटी पुऱ्या होताच आपोआप अमलात येणारे करार लिहिण्याची सोय केली. बिटकॉइनची नोंदवही राखण्यास अवाढव्य वीज लागते, हा आक्षेप सर्वश्रुत आहे. इथेरियमचीही रीत प्रथम तीच होती. सप्टेंबर २०२२ मध्ये ती बदलून त्याने आपला वीजखर्च ९९ टक्क्यांहून अधिक घटविला. असे प्रयोग ज्ञानात भर घालतात आणि म्हणून ते स्वागतार्हच आहेत.

परंतु प्रयोग पाहून भरवसा ठेवावा, तर दुसरी बाजू समोर येते. २०१३ मध्ये निव्वळ थट्टेखातर निघालेल्या डोजकॉइनच्या संख्येस मर्यादाच नाही; दरवर्षी सुमारे ५ अब्ज नवी नाणी त्यात पडतात. तरीही लोकांनी ते हौसेने विकत घेतले! टेराचे नाणे सदैव एका डॉलरइतकेच राहील असे सांगितले जात होते; त्याचा आधार काय, तर त्याच मंडळींनी काढलेले लुना नावाचे दुसरे नाणे. मे २०२२ मध्ये अवघ्या काही दिवसांत दोन्ही कोसळली. आंधळ्याने आंधळ्याचा हात धरावा, त्यातलाच हा प्रकार.

ही केवळ परदेशची कथा नव्हे. गेनबिटकॉइन योजनेत दरमहा १० टक्के परतावा १८ महिने देण्याचे आमिष होते. शंभरांचे दीड वर्षात एकशेऐंशी, हा हिशेब शाळकरी मुलासही जमतो. मग इतका नफा येणार कोठून, हा प्रश्न थोरांस का सुचू नये? २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी सूत्रधारांस अटक केली, आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. या विभागाच्या म्हणण्यानुसार, योजना डबघाईस येताच ठेवीदारांस बिटकॉइनऐवजी चालकांनी स्वतःच काढलेले, फारच कमी मोलाचे एमकॅप नावाचे नाणे देण्यात येऊ लागले. फसवणुकीवर पांघरूण घालण्यासही पर्यायी नाणे कामी येते, ते असे.

आणि सरकारचे काय? १ एप्रिल २०२२ पासून या व्यवहारांतील नफ्यावर ३० टक्के कर लागू झाला. एका नाण्यातील तोटा दुसऱ्यातील नफ्यातून वळता करण्याचीही मुभा दिली गेली नाही. परंतु २०२१ च्या हिवाळी अधिवेशनाच्या विषयपत्रिकेवर आलेले या विषयाचे विधेयक मांडलेच गेले नाही. नफ्यातील वाटा घ्यावयाचा आणि ग्राहकाच्या रक्षणाची चौकट मात्र लांबणीवर टाकावयाची, ही नीती लोककल्याणकारी राज्यास शोभत नाही.

आमचे मत स्पष्ट आहे. पाठबळ द्यावयाचे ते विद्येस, सट्ट्यास नव्हे. नाण्याची संहिता सर्वांस तपासता येते काय? त्याचे नियम बदलण्याची सत्ता कोणाच्या हाती आहे? निर्मात्यांनी स्वतःकडे किती साठा राखला आहे? आणि भाव वाढेल या आशेखेरीज त्याचा उपयोग तो कोणता? या चार प्रश्नांची सरळ उत्तरे ज्या नाण्याजवळ नाहीत, त्यास दमडीही देऊ नये. उत्तरे मिळाली, तरी जे गमावले असता चूल विझणार नाही तेवढेच धन तेथे घालावे. मुलीच्या शिक्षणाची आणि म्हातारपणाची पुंजी त्यापासून दूरच ठेवावी. बाजारात सराफ उरलेला नाही. तेव्हा कसोटीचा दगड प्रत्येकाने आपल्याच हाती घेतला पाहिजे.