सौर पॅनेल आणि आपली जुनी गच्ची

दांडिया बाजार, रावपुरा भागात आपल्या मंडळींची घरे बरीच जुनी. पॅनेल बसवण्याआधी गच्ची दुरुस्त करावी लागली, तर तो खर्च २०२४ साली सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेच्या अनुदानात धरला जातो का?

नाही. अनुदान केवळ क्षमतेवर ठरते : पहिल्या २ किलोवॉटला किलोवॉटमागे ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, कमाल ७८,०००. तेही यंत्रणा सुरू झाल्यावर खात्यात जमा होते. वॉटरप्रूफिंग, नवे पत्रे हा खर्च घरमालकाचाच.

प्राप्तिकरातही फारसा दिलासा नाही. दुरुस्तीसाठी कर्ज काढले असेल, तर राहत्या घराबाबत त्याच्या व्याजावर वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. पण ती जुन्या करप्रणालीतच.

म्हणजे पक्की गच्ची असलेल्याला योजना स्वस्त पडते आणि जुन्या घरात पेन्शनवर राहणाऱ्याला महाग. हा फरक योजनेत भरून निघायला हवा, असे आम्हाला वाटते. तोवर दुरुस्ती मात्र टाळू नये. पॅनेल सुमारे २५ वर्षे टिकतात; मध्येच गच्ची गळू लागली, तर सांगाडा उतरवून पुन्हा चढवण्याचा भुर्दंडही आपल्यालाच. आधी गच्ची, मग पॅनेल.