तोडणी-वाहतुकीची कपात आणि अंतराचे गणित



उसाचे बिल हाती पडले की नजर आधी दरावर जाते, मग कपातीवर, आणि तिथेच अडते. गावोगावच्या शिवारफेरीत आम्हाला हमखास ऐकू येते, "साहेब, आमचा ऊस कारखान्याच्या कुशीत. मग लांबच्यांएवढी कपात आम्हाला का?" प्रश्न रास्त आहे. 'नियमच तसा' एवढे सांगून सुटका करून घेणे आम्हाला पटत नाही.

एफआरपी हा कारखान्याच्या गेटवर पोच झालेल्या उसाचा दर. २०२५-२६ च्या हंगामाला तो १०.२५ टक्के उताऱ्यास टनाला ३,५५० रुपये ठरला. फडापासून गव्हाणीपर्यंतचा खर्च उत्पादकाचा. टोळ्या-वाहने कारखाना पुरवतो आणि खर्चाची सरासरी काढून सर्वांच्या बिलातून सारखी कापतो.

आता हा खर्च बनतो कसा? त्याचे दोन भाग. तोडणी, मोळ्या बांधणे, भरणी, मुकादमाचे कमिशन हे ऊस दोन किलोमीटरवर असो की पन्नास, बदलत नाही. दुसरा भाग किलोमीटरमागे वाढतो. शाळेत 'क्ष' आणि 'य' शिकलो ते हेच, फक्त मास्तरांनी उसाचे उदाहरण दिले नाही! समजा, १० किलोमीटरवरच्या उसाला टनामागे ६५० रुपये आणि २५ किलोमीटरवरच्या उसाला ७७० रुपये खर्च आला. १५ किलोमीटरला १२० जास्त, म्हणजे किलोमीटरला ८ रुपये. ६५० मधून दहा किलोमीटरचे ८० वजा केले, उरले ५७०. हा स्थिर खर्च. म्हणजे खर्च = ५७० + (८ × अंतर). (आकडे हिशेबाला सोपे म्हणून घेतले आहेत, आपल्या कारखान्याचे नव्हेत. प्रत्यक्षात वाहतुकीचे दर टप्प्याने बदलतात, बैलगाडीचे निराळेच.)

यातून एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. सरासरी कपात म्हणजे ५७० अधिक सरासरी अंतराच्या आठपट. स्थिर भाग हलत नाही, हलते ते अंतर. समजा, कार्यक्षेत्रातला ४ लाख टन ऊस सरासरी १५ किलोमीटरवरून येतो. कपात ६९० रुपये. त्यात ६० किलोमीटरवरचा १ लाख टन गेटकेन आणला आणि त्याची वाहतूकही त्याच खात्यात धरली, तर सरासरी अंतर २४ किलोमीटर आणि कपात ७६२. एकरी ४० टन काढणाऱ्या सभासदाचे २,८८० रुपये गेले, आणि त्याचा ऊस तर एक वीतभरही लांब सरकला नाही!

संचालक मंडळाची बाजूही आहे. जादा गाळपाने पगार, व्याज, दुरुस्ती असा कारखान्याचा स्थिर खर्च जास्त टनांवर विभागतो. १२ कोटींचा खर्च ४ लाख टनांवर टनाला ३०० पडतो, ५ लाखांवर २४०. हे ६० रुपये खोटे नव्हेत. पण ते कारखान्याच्या खात्यात वाचतात, आणि ७२ रुपये सभासदाच्या बिलातून जातात. एफआरपीपेक्षा वर दर दिला तरच त्यातले काही आपल्याकडे परत येणार.

म्हणून आमचे मत असे : कार्यक्षेत्रातल्या सभासदांमध्ये कपात सरासरीनेच असावी. लांबच्या वाडीतल्या सभासदाचा शेअर जवळच्या इतकाच आहे, त्याला अंतराची शिक्षा नको. सहकार म्हणतात तो यालाच. मात्र कार्यक्षेत्राबाहेरच्या उसाच्या वाहतुकीचे खाते वेगळे ठेवावे, आणि बिलावर तोडणीसह स्थिर खर्च, किलोमीटरचा दर व सरासरी अंतर हे तीन आकडे छापावेत. जवळचे काही सभासद यावर नाराज होतील, ते आम्ही जाणून आहोत.

वार्षिक सभेपूर्वी ज्यांना स्वतः हिशेब करून पाहायचा असेल त्यांनी वजनपावत्या घेऊन आपल्या गट ऑफिसला यावे. शेतकी खात्याचा माणूस दुपारी तीननंतर तिथे असतो.