आधी पायी चालणारा

वसुबारस ते भाऊबीज या दिवसांत महाराष्ट्र जेवढा रस्त्यावर असतो, तेवढा एरवी फक्त वारीत दिसतो. पुण्याचा लक्ष्मी रस्ता, दादरचा रानडे रोड, नाशिकचा मेन रोड, कोल्हापूरचा महाद्वार रोड, नागपूरची सीताबर्डी. कंदील, पणत्या, कपडे, किल्ल्यावरची चित्रे घ्यायला माणसे बाहेर पडतात आणि बाजारात शिरली की सगळीच पायी असतात. मोटारीने आलेला माणूसही मोटार उभी केली की पादचारी होतो आणि त्या क्षणापासून रस्ता त्याचा उरत नाही. एका हातात पिशव्या, दुसऱ्या हातात लेकराचे मनगट आणि समोर न थांबणारी वाहने. दिवाळी अंकाच्या पहिल्या पानावर साहित्याविषयी लिहावे असा प्रघात आहे. यंदा हे पान आम्ही रस्त्याच्या नियमांना दिले आहे. पायी चालणाऱ्याच्या बाजूने या वर्षी जे घडले ते मोठे आहे आणि त्याची चर्चा फारच थोडी झाली.

14 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की चालण्याजोगा, मोकळा पदपथ मिळणे हा राज्यघटनेच्या कलम 21 मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांच्या पीठाचा हा आदेश. ठाण्यात वाढलेले, मुंबई उच्च न्यायालयात घडलेले ओकसाहेब त्यानंतर दहा दिवसांनी निवृत्त झाले. ज्या याचिकेत हा आदेश झाला, ती 2012 मध्ये कोइम्बतूरच्या डॉ. एस. राजशेखरन या अस्थिशल्यविशारदाने केलेली आहे. रस्त्यावर मोडलेली हाडे जोडण्यात ज्याचे आयुष्य चालले आहे, त्याला ती मुळात मोडू नयेत असे वाटले आणि तो न्यायालयाच्या पायऱ्या चढला, ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. त्याच याचिकेत, हा अंक छपाईला जाण्याच्या बेतात असताना, 7 ऑक्टोबरला न्या. पारडीवाला आणि न्या. विश्वनाथन यांच्या पीठाने पुढचे पाऊल टाकले. पायी चालणारे आणि सायकलीसारखी बिनइंजिनाची वाहने यांच्यासाठी, तसेच राष्ट्रीय महामार्ग वगळून इतर रस्त्यांच्या रचनेसाठी, सर्व राज्यांनी सहा महिन्यांत नियम करावेत असा हा आदेश आहे. पन्नास शहरांतल्या पदपथांची तपासणी करण्यासही त्यात सांगितले आहे.

न्यायालयाला एवढे का सांगावे लागले, ते आकडे बोलतात. 2022 साली देशात रस्त्यावरच्या अपघातांत 1,68,491 माणसे गेली. त्यांत 32,825 पायी चालणारी होती. पुढच्याच वर्षी हा आकडा 35 हजारांच्या वर गेला. म्हणजे रस्त्यावर मरणाऱ्या दर पाच माणसांत एक जण कोणत्याही वाहनात नव्हता. एकट्या महाराष्ट्रात 2022 मध्ये 15 हजारांहून अधिक बळी गेले. यांतल्या बहुतेकांची बातमी जिल्हा आवृत्तीच्या आतल्या पानावर चार ओळींत संपते. ‘रस्ता ओलांडताना अज्ञात वाहनाची धडक बसून’ हे शब्द वाचून पुढे जायची आपल्याला सवय झाली आहे. त्या चार ओळींमागे दूध आणायला निघालेली आजी असते, शाळेतून परतणारे पोर असते, पाळी संपवून घरी चाललेला कामगार असतो.

वास्तविक कायद्याने या माणसांना कधी वाऱ्यावर सोडलेले नाही. पदपथावर आणि सायकलींच्या मार्गावर मोटार नेऊ नये, हे 1989 च्या नियमांत होते. त्यांच्या जागी 2017 मध्ये आलेल्या विनियमांत तर स्पष्ट शब्दांत लिहिले आहे, की पादचारी, सायकलस्वार, मुले, वृद्ध आणि अपंग व्यक्ती यांच्या सुरक्षिततेची चालकाने विशेष काळजी घ्यावी. जिथे सिग्नल नाही अशा झेब्रा पट्ट्यांपाशी वेग कमी करावा, थांबावे आणि चालणाऱ्याला वाट द्यावी. शिकाऊ परवान्याच्या परीक्षेत यावर प्रश्नही असतो. पट्ट्यांपाशी कोणी ओलांडण्यासाठी उभे असेल तर तुम्ही काय कराल? ‘थांबू आणि तो पलीकडे गेल्यावर पुढे जाऊ’ हे उत्तर आज गाडी चालवणाऱ्या कितीतरी जणांनी बरोबर दिलेले आहे. परीक्षा देऊन बाहेर पडल्यावर पहिल्याच चौकात ते उत्तर मागे राहते. याचा दोष आम्ही एकट्या चालकावर टाकणार नाही. ज्या रस्त्यावर पट्टे पुसून गेले आहेत, जिथे थांबणाऱ्याच्या पाठीमागून दहा हॉर्न वाजतात आणि न थांबणाऱ्याला कोणी विचारत नाही, तिथे चांगल्या माणसाचीही हळूहळू तीच सवय होते.

आपल्याकडे नियमांत बदल म्हणजे दंडात वाढ, असे समीकरण झाले आहे. 2019 ची मोटार वाहन कायद्यातली दुरुस्ती आठवा. विनापरवाना गाडी चालवली तर पाचशेऐवजी पाच हजार, दारू पिऊन चालवली तर दोन हजारांऐवजी दहा हजार, रुग्णवाहिकेला वाट दिली नाही तर दहा हजार. 1 सप्टेंबरपासून हे लागू व्हायचे होते. आपल्याकडे विधानसभेच्या निवडणुका तोंडावर होत्या, राज्याने ते तेव्हा लागू केले नाही आणि नवे दंड महाराष्ट्रात यायला डिसेंबर 2021 उजाडला. त्या दोन वर्षांत चर्चा झाली ती रकमेची. खिशाला किती चाट बसेल एवढेच आपण मोजत राहिलो. त्याच दुरुस्तीत जखमीला मदत करणाऱ्याला पोलिसी कटकटीपासून संरक्षण दिले होते. रस्त्याची रचना ठरलेल्या मानकांप्रमाणे न करणाऱ्या अभियंत्याला आणि ठेकेदाराला, त्या चुकीने कोणी मेले किंवा अपंग झाले तर, एक लाख रुपयांपर्यंत दंड ठेवला होता. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड लिहिला होता. हे शेवटचे कलम पुण्यातल्या घराघरांत पोहोचले ते मे 2024 मध्ये, कल्याणीनगरात एका भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतल्यावर. पाच वर्षे कायद्यात असलेली गोष्ट कळायला आपल्याला दोन प्रेते लागली.

शिक्षा कडक केली की काम झाले, ही समजूत जानेवारी 2024 मध्येही उघडी पडली. धडक देऊन पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद नव्या भारतीय न्याय संहितेत झाली आणि ट्रकचालकांनी चाके थांबवली. मनमाडजवळच्या पानेवाडीतून टँकर निघेनात, पेट्रोलपंपांवर रात्री उशिरापर्यंत रांगा लागल्या. जमाव मारून टाकेल या भीतीनेच आम्ही पळतो, असे चालकांचे म्हणणे होते आणि त्यात तथ्य आहे. ती तरतूद स्थगित राहिली; 1 जुलै 2024 ला बाकीची संहिता लागू झाली, हे उपकलम वगळून. मरणाऱ्या पादचाऱ्याची बाजू मात्र त्या सगळ्या गदारोळात फारशी ऐकू आली नाही. ट्रकवाल्यांची संघटना आहे, रिक्षावाल्यांची आहे, टँकरवाल्यांची आहे. पायी चालणाऱ्यांची तेवढ्या ताकदीची नाही.

म्हणून न्यायालयाने नियमांसाठी दिलेले सहा महिने महत्त्वाचे आहेत आणि इथे एक धोकाही आहे. मोटार वाहन कायद्याच्या ज्या कलम 138 च्या 1अ पोटकलमाखाली राज्याने नियम करायचे आहेत, त्याची भाषा जपून वाचली पाहिजे. पादचारी आणि बिनइंजिनाची वाहने यांच्या रस्त्यावरच्या वावराचे आणि प्रवेशाचे ‘नियमन’ करण्याचा अधिकार ते राज्याला देते. हक्क देण्याचा शब्द त्यात नाही. या कलमाचा आधार घेऊन पादचाऱ्यांनी कुठे चालू नये, सायकलींनी कोणत्या रस्त्यावर येऊ नये, बैलगाडीला कुठे मज्जाव, अशी यादी करणे अगदी सोपे आहे. तसे झाले तर न्यायालयाने दिलेला हक्क नियमांच्या वाटेने परत काढून घेतला जाईल. ही शंका आम्ही उगाच घेत नाही. मुंबईत 2008 मध्ये वांद्र्याला पहिला स्कायवॉक झाला, मग शहरभर त्यांचे जाळे विणले गेले. खालचा रस्ता वाहनांना मोकळा मिळावा म्हणून माणसाने जिने चढायचे. गुडघे दुखणाऱ्या बाईने, डोक्यावर ओझे असलेल्या हमालाने, पोटुशी असलेल्या लेकीने जिना चढायचा आणि इंजिन असलेल्याने सपाटीवरून जायचे, ही वाटणी मुळातच अन्यायाची आहे.

उलट्या टोकाचा विचार करून नियम बदलता येतात, हे ब्रिटनने जानेवारी 2022 मध्ये दाखवले. तिथे 1931 पासून चालत आलेल्या ‘हायवे कोड’मध्ये त्यांनी एक उतरंड घातली. ज्याच्या हातून जास्त इजा होऊ शकते त्याची जबाबदारी जास्त. ट्रकची मोटारीहून अधिक, मोटारीची सायकलीहून अधिक आणि सायकलवाल्याचीही पायी चालणाऱ्याच्या बाबतीत काही जबाबदारी आहेच. गल्लीच्या तोंडाशी वळताना कोणी ओलांडण्यासाठी नुसते उभे असले तरी चालकाने थांबायचे. सायकलीला ओलांडून जाताना किमान दीड मीटर अंतर ठेवायचे. मोटारीचे दार रस्त्याकडे असलेल्या हाताने न उघडता दुसऱ्या हाताने उघडायचे, म्हणजे अंग आपोआप वळते आणि मागून येणारी सायकल दिसते. डाव्या बाजूने वाहन चालवण्याचा नियम आपण त्यांच्याकडूनच घेतला. हे तत्त्वही घेण्यासारखे आहे, मात्र आपल्या रस्त्यांवर काय काय चालते ते पाहून घ्यावे लागेल.

आपल्या रस्त्यावर दिवाळी संपते न संपते तोच ऊस उतरतो. सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, नगर या पट्ट्यात गळीत हंगाम सुरू झाला की रात्रीच्या रस्त्यावर बैलगाड्या आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर येतात. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर उसाच्या लोंबत्या वाड्यांनी झाकलेला. मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला ती ट्रॉली दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. त्याच रस्त्याच्या कडेने बीड, जालन्याकडून आलेल्या ऊसतोड कामगारांच्या बायका फडावरून कोपीवर पायी परतत असतात. पादचारी हक्काची चर्चा शहरातल्या पदपथांपाशी थांबली तर या बायका तिच्यात कुठेच येत नाहीत. राज्य महामार्ग आणि जिल्हा मार्ग गावाच्या मधून जातात, एका अंगाला घर आणि दुसऱ्या अंगाला शाळा असते. तिथे पदपथ नावाची गोष्टच नाही. पांढरी पट्टी संपते तिथे खड्डा सुरू होतो.

आणि तरी करायचे ठरवले तर जमते. आळंदी आणि देहूहून पंढरपूरला जाणाऱ्या दोन्ही पालखी मार्गांच्या रुंदीकरणाचे भूमिपूजन 8 नोव्हेंबर 2021 ला झाले तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वारकऱ्यांसाठी स्वतंत्र पायवाट बांधायचे योजनेतच ठरलेले होते. चौपदरी महामार्गाच्या आराखड्यात पायी चालणाऱ्याची रेघ आधीपासून ओढलेली असणे, ही आपल्याकडे मोठी गोष्ट आहे. ज्या समाजाने शेकडो वर्षे चालण्याला उपासना मानले, त्याला हे सुचावे यात नवल नाही. आषाढीला जे वारकऱ्याला दिले, ते बाकीच्या दिवसांत शाळेच्या पोराला देण्यात कोणती अडचण आहे? पुणे महापालिकेने 2016 मध्ये पादचारी धोरण मंजूर केले, 2021 पासून 11 डिसेंबरला पादचारी दिन पाळून लक्ष्मी रस्ता त्या दिवशी वाहनांसाठी बंद ठेवायला सुरुवात केली. वर्षातून एक दिवस का होईना, म्हाताऱ्या माणसांना त्या रस्त्याच्या मधोमध निवांत चालताना पाहणे फार आनंदाचे असते. जंगली महाराज रस्त्याचा पदपथ रुंद झाल्यावर तिथे बाकावर बसलेली माणसे दिसू लागली. रुंद पदपथावर दुचाकी चढू नये म्हणून खांब रोवावे लागतात, तेही रोवले पाहिजेत.

फेरीवाल्यांचा प्रश्न इथे हमखास येतो. दिवाळीत पणत्यांची पाटी घेऊन पदपथाच्या कडेला बसलेल्या बाईला उठवणे सोपे असते, तिच्या शेजारी पदपथावर चढवलेली चारचाकी उचलणे अवघड जाते. 2014 च्या फेरीवाला कायद्याने तिलाही जागा दिलेली आहे. तिला आणि चालणाऱ्याला, दोघांनाही पुरेल एवढा पदपथ हवा, असे आमचे मत आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे, ती चालण्यासाठी. विक्रेत्याची जागा त्याखेरीज.

राज्याच्या नियमांत काय असावे, याविषयी आमच्या अपेक्षा साध्या आहेत. पदपथ दुकानाच्या आणि सोसायटीच्या फाटकापाशी तुटू नये. गाडीने चढून-उतरून जावे, माणसाने नव्हे. ओलांडण्याची जागा रस्त्यापेक्षा उंच बांधावी, म्हणजे पाटी न वाचणाऱ्याचाही वेग उतरेल. सिग्नलचा हिरवा माणूस काठी टेकत जाणाऱ्याच्या चालीने मोजावा. शाळा, एसटी स्टँड, दवाखाना आणि साखर कारखाना यांच्या आसपास वेगाची मर्यादा कमी असावी. बिनदिव्याची ट्रॉली कारखान्याच्या काट्यावर घेतली जाऊ नये, ही जबाबदारी कारखान्यावर टाकावी. आणि प्रत्येक पदपथाला एक जबाबदार अधिकारी असावा, ज्याचे पद आणि फोन नंबर तिथे लिहिलेला असेल.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 212 प्रमाणे कोणताही नियम पक्का करण्यापूर्वी त्याचा मसुदा राजपत्रात प्रसिद्ध करून हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात. वाहन उत्पादक आणि वाहतूकदार आपापल्या वकिलांमार्फत त्या पाठवतातच. पायी चालणाऱ्यांकडून फारशा जात नाहीत. या अंकाच्या प्रत्येक वाचकाने आपल्या गावातला एकच रस्ता निवडावा. तिथला पदपथ कुठे संपतो, पट्टे कुठे पुसलेत, शाळा सुटते तेव्हा मुले कुठून ओलांडतात, रात्री दिवा कुठे नसतो, हे एका पानावर लिहून काढावे, शक्य तर फोटो जोडावा आणि मसुदा आला की परिवहन विभागाकडे मुदतीच्या आत पाठवावे. एक प्रत आमच्याकडेही पाठवा. आलेली सगळी पत्रे एकत्र करून आम्ही मंत्रालयात नेऊन देणार आहोत.