‘फ्रीडम’, ‘लिबर्टी’ आणि एकटे ‘स्वातंत्र्य’

फेब्रुवारी १९४८ मध्ये भारतीय संविधानाचा जो मसुदा प्रसिद्ध झाला, त्यातील पंधराव्या अनुच्छेदास मसुदा समितीने एक लहानशी टीप जोडली आहे. ‘लिबर्टी’ या शब्दापूर्वी ‘पर्सनल’ हे विशेषण घालावे, अन्यथा त्या शब्दाचा अर्थ इतका विस्तारेल की तेराव्या अनुच्छेदात आधीच सांगितलेल्या ‘फ्रीडम्स’देखील त्यात सामावल्या जातील, असा तिचा आशय. इंग्रजीत ही टीप सरळ वाचता येते. मराठीत ती आणू पाहणाऱ्याची मात्र पंचाईत होते : ‘स्वातंत्र्या’ला आवर घातला नाही तर त्यात ‘स्वातंत्र्ये’ही येतील अशी समितीला भीती वाटली, असे काहीतरी लिहावे लागते. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. त्यातून बोध मात्र होत नाही.

हे दोन शब्द समानार्थी आहेत, असे मानणारे इंग्रजीतही पुष्कळ आहेत. आयझाया बर्लिन यांनी १९५८ च्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरणार असल्याचे आरंभीच सांगून टाकले. उलट हॅना पिटकिन यांनी १९८८ मध्ये एक दीर्घ निबंध लिहिला, तो हे दोन शब्द खरोखर जुळे आहेत काय, या प्रश्नावरच. जर्मनला एकच शब्द पुरतो, फ्रेंचलाही एकच. इंग्रजीजवळ दोन आहेत, याचे कारण अर्थशास्त्रात नसून इतिहासात आहे : १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर राज्यकर्त्यांची भाषा आणि प्रजेची भाषा एकाच भूमीवर शेजारी नांदू लागल्या. ‘फ्रीडम’ हा मूळचा घरचा, जर्मानिक. ‘लिबर्टी’ लॅटिनमधून फ्रेंचच्या वाटेने आलेला.

‘फ्री’चे मूळ शोधू जाता अभ्यासक ज्या धातूपाशी पोहोचतो, तो संस्कृतज्ञांच्या परिचयाचा आहे. ‘प्री’ या धातूपासून आपल्याकडे ‘प्रिय’ झाला. त्याच कुळात तिकडे ‘फ्री’ आणि ‘फ्रेंड’ जन्मले. ‘प्रिय’पासून ‘मुक्त’पर्यंतचा प्रवास प्रथमदर्शनी विलक्षण वाटतो. परंतु ज्या घरात आप्त आणि दास असे दोन्ही वर्ग राहत, तेथे जो ‘आपला’, जो प्रिय, तोच अदास. वेल्श भाषेतील ‘मुक्त’ या अर्थाचा शब्दही याच मार्गाने आला आहे.

‘लिबर्टी’ची कथा याहून वेगळी असेल अशी अपेक्षा असते, आणि मुळाशी ती तशी नाही. लॅटिन ‘लीबेर’, ग्रीक ‘एलेउथेरोस’ आणि ‘लोक’ या अर्थाचा जर्मन ‘लॉइटे’ हे एकाच घराण्यातले शब्द. संस्कृतातील ‘रुह्’, म्हणजे वाढणे, हा धातूही त्यांचाच दूरचा नातलग मानला जातो. जो आपल्या गणात वाढला तो मुक्त. लॅटिनमध्ये ‘लीबेरी’ म्हणजे घरातली मुले, ती याच कारणाने. (ग्रंथवाचक ‘लिबेर’ हा शब्द ऱ्हस्व स्वराचा आणि सर्वस्वी निराळा. ग्रंथ माणसाला मुक्त करतो ही सुंदर कल्पना त्या दोघांवर उभारण्याचा मोह आवरलेला बरा.) फारसी ‘आझाद’ची गोष्टही हीच : त्याचे प्राचीन रूप ‘आजात’ म्हणजे कुळात जन्मलेला, कुलीन.

फरक पडला तो पुढे. रोममध्ये ‘लीबेर्तास’ ही कायद्याने दिलेली अवस्था झाली. दास मुक्त केला जाई आणि ‘लीबेर्तुस’ म्हणवला जाई. मध्ययुगीन इंग्लंडात ‘लिबर्टी’ म्हणजे राजाने वा धर्मपीठाने दिलेली सनद, सूट, आणि पुढे तर ती सूट जेथे चाले तो भूभागच. १२१५ च्या मॅग्ना कार्टामधील ‘लिबर्तातेस’ याच जातीच्या. शेक्सपिअरचे ग्लोब नाट्यगृह ज्या मोहल्ल्यात उभे राहिले, त्याचे नावच ‘लिबर्टी ऑफ द क्लिंक’. लंडन शहराच्या अधिकाऱ्यांची सत्ता तेथे चालत नसे. १५९९ साली तेथे ‘ज्युलियस सीझर’ खेळले गेले असे अभ्यासक मानतात. त्या नाटकात सीझरचा वध होताच कटवाले हे दोन्ही शब्द एकापाठोपाठ पुकारतात. मराठी अनुवादकाने तेथे काय करावे? ‘स्वातंत्र्य! स्वातंत्र्य!’ असे लिहिले तर ती निव्वळ द्विरुक्ती होते.

‘फ्रीडम’ म्हणजे आपलेपण आणि ‘लिबर्टी’ म्हणजे सूट, अशी विभागणी डेव्हिड हॅकेट फिशर यांच्या २००५ च्या ग्रंथाने बरीच लोकप्रिय केली. ती सोयीची आहे, म्हणूनच थोडी संशयास्पदही. लंडन शहर सन्मानार्थ जी देते ती ‘फ्रीडम’च आहे, आणि तीही दिलेलीच. व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. परंतु शब्दाच्या वळणाला ती कारण असते, एवढे मान्य करावयास हरकत नाही.

हे वळण भारतात किती महाग पडू शकते, हे १९५० मध्ये दिसले. ए. के. गोपालन यांनी प्रतिबंधक स्थानबद्धतेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. एकोणिसाव्या अनुच्छेदातील ‘फ्रीडम’ आणि एकविसाव्यातील ‘पर्सनल लिबर्टी’ ही दोन स्वतंत्र क्षेत्रे आहेत, असे बहुमताने ठरले. याचिका फेटाळली गेली. ती क्षेत्रे परस्परांत मिसळतात, असे मत न्या. फझल अली यांनी अल्पमतात नोंदवले. तेच मत मनेका गांधी खटल्यात न्यायालयाने स्वीकारले, तोवर १९७८ साल उजाडले होते. माणसाला कैदेत ठेवणारा कायदा कोणत्या कसोटीवर तपासावा, हा अठ्ठावीस वर्षांचा वाद ज्या दोन शब्दांभोवती फिरला, त्यांच्या जागी मराठी संविधानात एकच शब्द आहे. उद्देशिकेतली ‘लिबर्टी’, एकोणिसाव्यातली ‘फ्रीडम’, एकविसाव्यातली पुन्हा ‘लिबर्टी’ : सर्वत्र ‘स्वातंत्र्य’. स्वातंत्र्यदिनातली ‘इंडिपेंडन्स’ही तेच, म्हणजे तिसरे ओझेही त्याच खांद्यावर.

‘स्वातंत्र्य’ हा शब्द दुबळा आहे असे मुळीच नाही. ज्याचे तंत्र स्वतःपाशी आहे तो स्वतंत्र. पाणिनीने कर्त्याची व्याख्या याच विशेषणाने केली. काश्मीर शैवदर्शनात स्वातंत्र्य ही शिवाची परम शक्ती. मनुस्मृतीने नवव्या अध्यायात स्त्रीला जे नाकारले तेही नेमके हेच. त्यात ‘प्रिय’तला आप्तभाव नाही आणि सनदेतला दाताही नाही, आहे ते निखळ कर्तृत्व. म्हणूनच सनदेने मिळालेल्या सवलतींचा इतिहास या शब्दात सांगू गेल्यास तो फसवा होतो. मॅग्ना कार्टामुळे सरदारांना ‘स्वातंत्र्य’ मिळाले, हे वाक्य मराठी विद्यार्थ्याच्या मनात जे चित्र उभे करते, ते तेराव्या शतकातील इंग्लंडचे नव्हे.

मराठीने गरज पडेल तेथे भेद केलेला आहे. १९६१ मध्ये गोव्याची झाली ती ‘मुक्ती’. हैदराबाद संस्थानातला तो ‘मुक्तिसंग्राम’. मिलच्या १८५९ मधील ग्रंथाचा हिंदी अनुवाद करताना महावीरप्रसाद द्विवेदींनी ‘स्वाधीनता’ हे नाव योजले; तोही शब्द मराठीला परका नाही. परंतु सर्वांत उपयुक्त जोडी परिभाषाकारांच्या तत्समप्रेमामुळे उपेक्षित राहिली आहे. ‘मुक्त’चेच प्राकृत वळणाने आलेले रूप ‘मोकळा’. त्यापासून ‘मोकळीक’ आणि ‘मोकळेपणा’. मोकळीक कोणीतरी देतो, ती काढूनही घेता येते, आणि ती कशाची हे सांगावे लागते. मोकळेपणा कोणी देत नाही. तो माणसात, घरात, बोलण्यात असतो, आणि बहुधा आपल्या माणसांतच असतो. ‘लिबर्टी’चा मध्ययुगीन आणि ‘फ्री’चा प्राचीन अर्थ यांच्या इतके जवळ जाणारे शब्द कोशकाराने घडवू म्हटले तरी त्याला घडवता येणार नाहीत.

कायद्याच्या संहितेत हे शब्द शिरावेत असा आग्रह कोणी धरणार नाही. तेथे ‘स्वातंत्र्य’ आता रूढ आणि न्यायप्रविष्ट आहे. मात्र साहित्याच्या व विचारांच्या इतिहासाचा अनुवाद करणाऱ्याला ही मुभा असावी. सरदारांनी राजाकडून मिळवल्या त्या मोकळिकी, असे लिहिता आले की पुढच्या शतकांत त्यांचे स्वातंत्र्य कसे झाले, हा प्रश्न मराठीत निदान विचारता तरी येतो.