तठे काय शे?

नवीन लग्न झालेल्या कुठल्याही जोडप्याला भेटा. हनिमूनचे फोटो पाहून होतात न होतात तोच पुढचा प्रश्न येतो, ‘ताडोबा झालं का?’ यातलं ‘झालं’ फार महत्त्वाचं. ताडोबा होतं, कान्हा होतं, पेंच होतं, रणथंबोर व्हायचं असतं. होम लोन होतं, केळवण होतं, तसंच.

आमचंही बरंच काही होऊन गेलंय. नवऱ्याकडे त्याची एक्सेल शीट आहे. पार्कचं नाव, गेट, जिप्सीचे पैसे, रिसॉर्टचे पैसे आणि शेवटच्या कॉलममध्ये वाघ : हो किंवा नाही. त्याच्याही पुढे एक लपवलेला कॉलम आहे, तो मला एकदा चुकून सापडला. एकूण खर्च भागिले दिसलेले वाघ! नवरा अकाउंट्समध्ये आहे, त्यामुळे मी फार मनावर घेत नाही. पण पेंचच्या एका ट्रिपला भागाकारात खाली शून्य आलं, तेव्हा एक्सेलने एरर दिली आणि याचा मूड दोन दिवस गेला होता, एवढं नोंदवून ठेवते.

तर अशा या वाघवाल्या संसारात खरी अडचण असते ती रजेची. वर्षाच्या मोजून रजा. त्यातली निम्मी सासरी. माझं सासर देवपूर, म्हणजे पांझरेच्या पलीकडचं धुळं. एकवीरादेवीचं देऊळ ज्या अंगाला, ते. दिवाळी, एखादं लग्न, एखादी पूजा, की गेल्या रजा. उरलेल्यांत जंगल बसवायचं तर चार महिने आधी सफारी बुक करा, नागपूरपर्यंत विमान करा, आणि ऐन वेळी बॉसने रजा नाकारली तर रिफंडच्या मागे लागा. यावर तोडगा मीच काढला. म्हटलं, देवपूरला जातोच आहोत, तर प्रत्येक खेपेला एक दिवस तिथून जंगलात जाऊ या.

सासूबाईंनी पोळी उलटता उलटता विचारलं, “तठे काय शे?”

अहिराणीत तीन शब्द. तिथे काय आहे? विचारण्याचा सूर असा, की उत्तर ‘काही नाही’ हेच असणार.

कागदावर त्यांचं बरोबरच आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत नॅशनल पार्क एकही नाही. अभयारण्यं आहेत, पण त्यांच्या नावाने टी-शर्ट मिळत नाहीत. यावल हे १९६९ सालचं, सातपुड्याच्या उतारावर सुमारे पावणेदोनशे चौरस किलोमीटर. त्याला लागून धुळे जिल्ह्याच्या बाजूला अनेर धरणाचं अभयारण्य. दक्षिणेला अजिंठ्याच्या रांगेत गौताळा-औट्रमघाट, त्याचा काही भाग चाळीसगाव तालुक्यात. वाघच हवा असेल तर मुक्ताईनगरकडे वढोदा-डोलारखेड्याच्या पट्ट्यात तोही आहे आणि अधूनमधून केळीच्या बागेत उतरतो. फक्त तिथे जिप्सी नाही. तो दिसला तर तुम्ही पळायचं असतं.

पहिल्या खेपेला आम्ही अगदी घराजवळ गेलो. लळिंग. धुळ्यापासून दहाएक किलोमीटर, आग्रा रोडला लागून. वर फारुकी राजांच्या काळचा किल्ला, खाली कुरण. मोर भरपूर. कुरणातल्या बंगल्याचं नावच लांडोर बंगला. एका कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३७ च्या जुलैत इथे मुक्कामाला होते. दर ३१ जुलैला इथे माणसांची अशी गर्दी लोटते की मोर डोंगराच्या मागे जातात. आम्ही गेलो तेव्हा आम्ही दोघं, एक गुराखी आणि एकोणीस मोर. नवऱ्याने मोजले. सवय!

दुसरी खेप पाटणादेवीची. चाळीसगावपासून अठरा किलोमीटर, आणि शेवटच्या वळणानंतर डोंगर तिन्ही बाजूंनी असे अंगावर येतात की गाडीतलं गाणं आपोआप बंद केलं जातं. पावसाळ्यात जा. देवळामागून ओढा, वर केदारकुंडाचा धबधबा, आणि पाय शाबूत असतील तर चालत पितळखोऱ्याची लेणी. अजिंठ्याला रांगेत उभं राहून जे पाहतो त्याच्या जातकुळीतलं, इसवी सनाआधीच्या शतकांतलं काम. आमच्याखेरीज तिथे फक्त माकडं होती. पण मला पाटणादेवी आवडली ती एका दगडासाठी. इथे एक शिलालेख आहे, १२०७ सालचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला, त्याची ही नोंद. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी कोणीतरी ठरवलं, गणित शिकवायचं तर ते या धबधब्याशेजारी. नाहीतर आमची शाळा, खिडकीतून एसटीचा डेपो दिसायचा.

अनेरचं थोडक्यात सांगते, कारण तिथे आम्ही भांडलो. धरणाचं पाणी छान होतं.

आणि मग शहादा. खरं तर हे सगळं त्याच्यासाठीच लिहायला घेतलं.

देवपुरातून नगावबारी ओलांडून आग्रा रोडला लागायचं, सोनगीरहून डावीकडे, दोंडाईचा, सारंगखेड्याला तापी, पुढे शहादा. शहाद्याहून तोरणमाळ. सातपायरी घाट चढून अकराशे मीटरच्या वर, यशवंत तलाव, सीताखाई, गोरखनाथाचं देऊळ. महाशिवरात्रीला जत्रा. लोक वर तलावापाशी मॅगी खातात आणि परत येतात. आम्हीही पहिल्यांदा तेच केलं. पण खरी गंमत पायथ्याशी आहे, विरळ सागाच्या त्या रानात, जिथे कोणी गाडीही थांबवत नाही.

इथे रानपिंगळा राहतो. इंग्रजीत फॉरेस्ट आउलेट. तुमच्या-आमच्या कॉलनीतल्या पिंगळ्याएवढंच छोटं घुबड, पण हे दिवसाढवळ्या शिकार करतं. ह्यूम साहेबांनी १८७३ साली त्याची शास्त्रीय नोंद केली. पुढच्या अकरा वर्षांत जगातल्या सगळ्या संग्रहालयांत मिळून जेमतेम सात नमुने जमले. त्यातले काही याच भागात, खान्देशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसन नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्याने गोळा केलेले. १८८४ नंतर पक्षी गायब. शंभर वर्षं कोणालाच दिसला नाही. डिलन रिप्ले आणि सालिम अलींसारख्यांनी शोधला, त्यांनाही नाही. संपला, असंच लोक धरून चालले.

नाही म्हणायला एका माणसाला तो ‘मिळाला’ होता. रिचर्ड माइनर्टझॅगन, ब्रिटिश कर्नल, मोठा नावाजलेला पक्षीतज्ज्ञ. त्याच्या संग्रहात १९१४ सालचा एक रानपिंगळा होता, लेबलवर गुजरातेतल्या मांडवीचं नाव. एवढ्या मोठ्या माणसावर संशय कोण घेणार? पण नव्वदच्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकन बाई त्याचा संग्रह तपासायला बसल्या. एक्स-रे काढले, आतला कापूस पाहिला, आणि निघालं काय, तर तो डेव्हिडसनचाच जुना नमुना! साहेबांनी संग्रहालयातून उचललेला, पुन्हा शिवलेला आणि स्वतःचं लेबल लावलेला. म्हणजे चक्क ढापलेला. रासमुसेनबाईंनी त्याचं लेबल बाजूला ठेवलं, खरी लेबलं घेतली आणि त्या जागा धुंडाळायला बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांच्यासोबत भारतात आल्या. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी शहाद्याजवळ, पानं झडलेल्या फांदीवर, भर उन्हात, रानपिंगळा बसलेला होता. ११३ वर्षांनी!

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला वेगळा झाला. म्हणजे पक्षी सापडला त्या दिवशी शहादा धुळे जिल्ह्यात होतं. नवरा तेव्हा देवपुरात सहावीत होता. त्याला विचारलं, शाळेत काही सांगितलं का रे? म्हणाला, सहामाहीचा निकाल लागला होता, बाकी काही आठवत नाही.

गेल्या फेब्रुवारीत आम्ही पहाटे साडेतीनला देवपूर सोडलं. सासूबाईंनी कळण्याची भाकरी आणि ठेचा बांधून दिला, आणि “घुबड देखाले कोनी जास का?” हेही सोबत दिलं. शहाद्याच्या पुढे एक पावरा मुलगा आमच्याबरोबर आला. बी.ए. करतोय, सुट्टीच्या दिवशी पक्षीवाल्यांना रान दाखवतो. फेब्रुवारीत सागाची पानं गळून रान उघडं पडतं, म्हणून ही वेळ. साडेसात झाले, आठ झाले. पोपट, भारद्वाज, साधे पिंगळे तीन. आणि तेवढ्यात एका टेकाडावर नवऱ्याच्या मोबाइलला रेंज आली. मार्च एण्डिंग! बॉसचा कॉल! हा पाठ करून उभा, प्रोव्हिजन की काय ते समजावतोय, आणि मी समोर पाहिलं.

उघड्या फांदीवर तो होता. मुठीएवढा. छातीवर गडद तपकिरी पट्टा, पायांवर पांढरी पिसं अशी की मोजे घातलेत. शेपटी डावीकडे-उजवीकडे झटकत होता. मी श्वास सोडला नाही. मुलगा मागे चप्पल शोधत होता, कॅमेरा नवऱ्याच्या गळ्यात. दीड मिनिट असेल, फार तर दोन. मग तो खाली झेपावला आणि झुडपात गेला.

“साधा पिंगळा असेल,” नवरा म्हणाला. फोन अजून कानालाच.

आता साधा आणि रानपिंगळा यांत फरक असतो तो डोक्यात. साध्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट, रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं. मला ठिपके दिसले नाहीत. पण नवऱ्याचं म्हणणं, दिसले नाहीत म्हणजे नव्हतेच असं नाही. ऑडिटमध्ये हे चालत नाही. त्याने संध्याकाळी शीटमध्ये एण्ट्री केली : ‘रानपिंगळा, १, अनऑडिटेड’. मी तीन दिवस त्याच्याशी कामापुरतं बोलले.

हसू नका. वाघाच्या बाबतीत हा प्रश्न येत नाही, वाघाचे साठ फोटो शेजारच्या जिप्सीतून मिळतात. इथे माझा शब्द एवढंच होतं. आणि ज्याच्याशी संसार करायचा त्याला आपला शब्द पुरत नाही, हे कळायला भर सातपुड्यात जावं लागलं! पण चौथ्या दिवशी ई-बर्डवर नोंद करायला बसले आणि नावाच्या रकान्यात बोट अडकलं. तो कर्नल आठवला. जाणकार म्हणून ज्याच्या लेबलवर लोकांनी ऐंशी वर्षं विश्वास ठेवला, तो. मला शंभरातले नव्वद टक्के खात्री होती. मी लिहिलं, ‘पिंगळा, जात अनिश्चित’. नवऱ्याला सांगितलं नाही. घरात अजूनही माझं म्हणणं शंभर टक्क्यांचंच आहे.

त्या मुलाने परतताना एक गोष्ट दाखवली ती सांगायला हवी. रस्त्याच्या वळणावर एक जुनं झाड होतं, ढोलीचं. दोन वर्षांपूर्वी तिथे जोडी होती म्हणे. रानपिंगळ्याला घरट्यासाठी ढोली लागते आणि ढोली जुन्या झाडालाच असते. आता तिथे झाड नाही, ज्वारी आहे. मी काही बोलणार तेवढ्यात तो म्हणाला, त्याच्याही काकांचा वनहक्काचा दावा पडून आहे, २००६ च्या कायद्याखालचा, पलीकडच्या तुकड्यावर. सगळी कागदपत्रं दिली आहेत. पिंगळा की ज्वारी, असं मी त्याला विचारलं नाही. पुण्यात जिथे आमचा फ्लॅट आहे तिथेही दहा वर्षांपूर्वी ज्वारीच होती, त्याआधी काय होतं कोण जाणे. जागतिक यादीत या पक्ष्याची पायरी २०१८ साली किंचित सुधारली, ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’वर, कारण तो यावल, मेळघाट, अगदी ठाणे जिल्ह्यात तानसालाही सापडला. हे मी त्या मुलाला सांगितलं. तो म्हणाला, “चांगलं आहे. पण या वळणावर नाही ना.”

जायचं असेल तर काही गोष्टी. नोव्हेंबर ते मार्च, सकाळी दहाच्या आत. मोबाइलवर पिंगळ्याचा आवाज लावून बोलवू नका, पिल्लांचे दिवस असतील तर अजिबातच नाही. घरट्याची जागा कळली तरी फेसबुकवर टाकू नका, घुबडांना गिऱ्हाईक असतं आणि ते पक्षीप्रेमी नसतं. सोबत गावातला माणूस घ्या आणि त्याला जिप्सीएवढे पैसे द्या. होळीच्या आधी गेलात तर भोंगऱ्या बाजार पाहा. टी-शर्ट मिळणार नाही.

आमचं पुढचं डिसेंबरात ठरलंय, दत्तजयंतीच्या सुमारास. सारंगखेड्याला तेव्हा घोड्यांची यात्रा असते, त्यामुळे सासूबाईही येणार आहेत. घोडे पाहायला, घुबड नाही, हे त्यांनी तीनदा सांगितलं. नवऱ्याने मोठी लेन्स ईएमआयवर घेतली आहे आणि शीटमध्ये तिचा खर्च कोणत्या पक्ष्याच्या नावावर टाकायचा याचा तो विचार करतोय. टेकाड चढताना कॅमेरा माझ्या गळ्यात असेल. त्याचा फोन सासूबाईंच्या पर्समध्ये. तसं त्याच्याकडून लेखी घेतलंय.