जिवंत भेटवस्तू आणि दात्याची जबाबदारी

बेंगळुरूमधील होसूर रस्ता आणि सर्जापूर रस्ता यांच्या दरम्यान वसलेल्या एचएसआर लेआउटमध्ये सकाळी फिरायला निघाले की उंची जातीची कुत्री मोठ्या संख्येने दिसतात. त्यांच्या मालकांशी ओळख वाढली की कळते, यांतली कित्येक कोणीतरी वाढदिवसाला किंवा गृहप्रवेशाला 'भेट' दिलेली आहेत. देणाऱ्याचे कौतुक होते, छायाचित्रे निघतात, आणि त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांचा विचार कोणी करीत नाही. या विषयावर माझे मत स्पष्ट आहे. प्राणी ही भेट देण्याची वस्तू नव्हे. ज्याला तो सांभाळायचा आहे त्याने मागितल्याशिवाय आणि त्याच्या घरातील प्रौढांनी विचारपूर्वक होकार दिल्याशिवाय कोणी कोणाला प्राणी देऊ नये.

प्रथम कायद्याचा विचार करू. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ सालचा आहे. त्याच्या कलम १२२ नुसार घेणाऱ्याने स्वीकारल्याखेरीज दान पूर्ण होत नाही. कलम १२७ त्याहून उद्बोधक आहे. ज्या मालमत्तेबरोबर काही बोजा येतो, तिच्या दानासंबंधी ते कलम सांगते की करार करण्यास असमर्थ असलेल्या व्यक्तीने, उदाहरणार्थ अज्ञान बालकाने, असे दान स्वीकारले तरी त्या बोजाचे बंधन तिच्यावर येत नाही. हे कलम कुत्र्याच्या पिल्लाला शब्दशः लावावे असा माझा आग्रह नाही. पण त्यामागील तत्त्व पाहा. ज्याला बोजा समजत नाही त्याच्या गळ्यात तो अडकवता येत नाही, हे कायदा करणाऱ्यांना १८८२ मध्ये उमगले होते. आपण मात्र आठ वर्षांच्या मुलाच्या हातात पिल्लू ठेवतो आणि 'आता ही तुझी जबाबदारी' असे हसत सांगतो. प्रत्यक्षात ती जबाबदारी त्याच्या आईवर पडते, आणि तिला कोणी विचारलेले नसते.

आता अर्थशास्त्राकडे वळू. जोएल वॉल्डफोगेल या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९९३ साली नाताळच्या भेटींवर एक निबंध लिहिला. भेटीसाठी देणारा जेवढे पैसे खर्च करतो, तेवढे तिचे मोल घेणाऱ्याला वाटत नाही. या तफावतीत भेटींच्या किमतीचा एक दशांश ते एक तृतीयांश भाग वाया जातो, असा त्याचा अंदाज होता. नको असलेला सदरा कपाटात पडून राहतो आणि नुकसान तेथेच थांबते. पिल्लू कपाटात ठेवता येत नाही. त्याला दररोज अन्न, दोन वेळा फिरणे, ठरलेल्या लसी, आजारपणात डॉक्टर आणि सर्वांत महाग म्हणजे कोणाचा तरी वेळ लागतो. देणारा खर्च करतो एकदाच. घेणारा करतो दशकभर. आणि घेणाऱ्याने हात झटकले तर तो खर्च पालिकेवर, निवारा चालवणाऱ्या संस्थांवर आणि शेवटी रस्त्यावर येतो. बेंगळुरू महानगरपालिकेच्या २०२३ च्या गणनेत शहरात सुमारे २ लाख ७९ हजार भटकी कुत्री आढळली होती. यातील बहुतेक रस्त्यावरच जन्मलेली असणार, हे मान्य. परंतु ज्या व्यवस्थेवर आधीच एवढा भार आहे, तिच्यात आपल्या हौसेची भर घालण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

घरापासून दूर राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा प्रश्न अधिक जवळून भिडतो. आमच्या संकुलात विदर्भातून आलेले एक तरुण दांपत्य भाड्याने राहत असे. मुलाच्या वाढदिवसाला कार्यालयातील मित्रांनी वर्गणी काढून बीगल जातीचे पिल्लू आणून दिले. नवरा-बायको दोघेही दिवसभर बाहेर. पिल्लू बंद घरात रडत राही. शेजाऱ्यांच्या तक्रारी आल्या, घरमालकाने करारनाम्यावर बोट ठेवले. गणपतीला गावी जायची वेळ आली तेव्हा प्रश्न उभा राहिला की याला ठेवायचे कोठे. गावाकडे असते तसे आजी-आजोबा किंवा काका शेजारच्या आळीत नव्हते. रेल्वेने न्यायचे तर वातानुकूलित प्रथम वर्गाचा संपूर्ण कूपे घ्यावा लागतो, नाहीतर गार्डच्या डब्यातील पेटीत त्याला ठेवावे लागते. आठ महिन्यांत त्या पिल्लाने तीन घरे बदलली. शेवटच्या घरातून ते कोठे गेले, हे कोणालाही सांगता आले नाही. या कहाणीत दुष्ट कोणीच नाही. सर्वांचे हेतू चांगले होते, आणि म्हणूनच केवळ चांगल्या हेतूंवर ही गोष्ट सोडू नये असे मी म्हणतो.

या मतावर तीन आक्षेप घेतले जातात.

पहिला आक्षेप परंपरेचा. आपल्याकडे गोदान नव्हते का? मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी आपल्या संस्थानातील शिकारी कुत्र्यांची जोडी पंचम जॉर्ज बादशहाला भेट दिल्याची कथा तर आजही अभिमानाने सांगितली जाते. ठीक आहे. पण गाय ज्याला दिली जाई त्याच्याकडे गोठा व चारा असे, आणि तिच्या दुधावर त्याचे घर चाले. कामातून गेलेल्या गाई दान करणाऱ्या वडिलांना प्रश्न विचारणारा नचिकेत हा तर आपल्याच कठोपनिषदातला. बादशहाकडेही कुत्र्यांसाठी नोकरचाकर होते. तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांच्या फ्लॅटला ही उदाहरणे लागू पडत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अमेरिकेतील एएसपीसीए या संस्थेच्या संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, प्राणी भेट म्हणून मिळाल्याने त्याच्यावरील माया कमी झाली नाही, असे बहुसंख्य लोकांनी सांगितले. हा निष्कर्ष मी नाकारीत नाही. पण तो मायेविषयी आहे, ऐपतीविषयी नाही. त्या बीगलवर माया कमी होती असे मी म्हटलेले नाही. वेळ, जागा आणि हाताशी माणूस नव्हते. शिवाय जेथे निवाऱ्यांची व्यवस्था सुस्थापित आहे त्या देशातील अनुभव आपल्याकडे जसाच्या तसा आणता येत नाही. आपल्याकडे नकोसा झालेला कुत्रा बहुधा थेट रस्त्यावर जातो, आणि घरात वाढलेल्या कुत्र्याला रस्त्यावर जगता येत नाही.

तिसरा आक्षेप असा की हा खाजगी मामला आहे, शासनाने त्यात का पडावे? यावर शासनाचे स्वतःचे वर्तन पाहण्यासारखे आहे. याच शहराच्या दक्षिणेला असलेल्या बन्नेरघट्टा येथील वेदा नावाची हत्तीण सुमारे दोन दशकांपूर्वी आर्मेनियाला भेट म्हणून पाठवण्याचे ठरले होते. तेथील कडाक्याच्या थंडीत तिचे काय होईल, असा प्रश्न नागरिकांनी लावून धरला आणि बेत रद्द झाला. २००५ साली केंद्र शासनाने प्राणी भेट देण्याची प्रथाच बंद करण्याचे धोरण स्वीकारले. पुढे २०१५ मध्ये पंतप्रधानांना आणि २०२२ मध्ये संरक्षणमंत्र्यांना मंगोलियात घोडे भेट मिळाले. दोन्ही घोडे तेथेच राहिले. दोन राष्ट्रांमधील सौजन्यापेक्षा प्राण्याचे हित आणि व्यवहार यांना महत्त्व देता येते, तर वाढदिवसाच्या सौजन्यालाही तोच न्याय का लावू नये?

मग करावे काय? माझ्या सूचना साध्या आहेत.

एक, दंड. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत सोडून देणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी त्यात ठरवलेला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. साठ वर्षांहून अधिक काळ हा आकडा तसाच राहिला. पन्नास रुपयांत आज बेंगळुरूत धड नाश्ताही होत नाही. ही रक्कम धाक बसेल एवढी वाढवली पाहिजे.

दोन, नोंदणी. २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांनुसार पैदास करणाऱ्याने राज्य मंडळाकडे नोंदणी करावी, आठ आठवड्यांखालील पिल्लू विकू नये आणि खरेदीदाराची नोंद ठेवावी, असे आहे. त्यात एवढीच भर घालावी की पैसे कोणीही भरो, पिल्लू प्रत्यक्ष सांभाळणाऱ्या प्रौढ व्यक्तीच्या सहीशिवाय हवाली करू नये. पालिकेचा परवानाही त्याच नावाने असावा. एका सहीने 'आश्चर्याची भेट' आपोआप बंद होईल.

तीन, आपले वर्तन, कारण त्यासाठी कोणत्याही अधिसूचनेची वाट पाहावी लागत नाही. मित्राला कुत्रा हवा आहे असे वाटत असेल तर आधी त्याला विचारा. तो हो म्हणाला तर त्याच्या बरोबर जा, निवड त्याला करू द्या आणि पहिल्या वर्षाच्या लसींचा खर्च उचला. तो गावी जाईल तेव्हा आठ दिवस कुत्रा आपल्या घरी ठेवण्याचे वचन द्या आणि ते पाळा. रस्त्यावरचे पिल्लू दत्तक घेणार असाल तर सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात घातलेली अट लक्षात ठेवा: दत्तक घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही घेणाऱ्याची जबाबदारी आहे.

परगावी आपल्यापैकी बहुतेकांना कमतरता असते ती वेळेवर धावून येणाऱ्या माणसाची. ज्याला खरोखर काही द्यावेसे वाटते, त्याने टोपलीत रिबीन बांधून पिल्लू आणण्याऐवजी शेजाऱ्याच्या घराची किल्ली आठ दिवस आपल्याकडे ठेवावी आणि त्याचा कुत्रा सकाळ-संध्याकाळ फिरवून आणावा.