आधी डोळे, मग बुद्ध्यांक

बौद्धिक दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी आलेल्या मुलापुढे कधीकधी एक लाकडी फळी ठेवतात. दहा आकार, दहा खाचा. तुकडे किती वेळात जागेवर बसतात ते मोजायचं. मूल चाचपडलं की गुण बुद्धीचे कापले जातात. त्याला खाच नीट दिसली का, हे विचारायचं बहुधा राहूनच जातं. नेत्रविभाग असतो त्याच रुग्णालयात!

वास्तविक या मुलांमध्ये डोळ्यांचे दोष इतरांपेक्षा कितीतरी जास्त. डाउन सिंड्रोम असलेल्या निम्म्याहून अधिक मुलांना चष्म्याचा नंबर, तिरळेपणा, बुबुळांची थरथर, मोतीबिंदू यांपैकी काहीतरी असतंच. त्यातल्या बऱ्याच जणांची नजर जवळच्या वस्तूवर स्थिरावत नाही. म्हणजे अडचण नेमकी पाटी-वहीच्या अंतरावर. सेरेब्रल पाल्सीत डोळा निरोगी असूनही मेंदूला दिसलेल्याचा अर्थ न लागणं, हाही प्रकार आहे. मूल वही नाकाला लावतं, मान तिरकी करतं, जिन्याच्या पहिल्या पायरीवर अडतं. घरचे म्हणतात, ‘तो तसाच आहे.’ एकदा मतिमंद म्हटलं की पुढची प्रत्येक खोड त्याच खात्यावर जमा.

शाळेच्या तपासणीत तक्त्यावरच्या अक्षराची दिशा बोटांनी दाखवता आली नाही, की कागदावर शेरा पडतो: ‘सहकार्य करत नाही’. हा शेरा तपासणाऱ्याला द्यायला हवा. तान्ह्या बाळाला चष्मा लागतो, तेव्हा ते काय अक्षरं वाचून दाखवतं? औषधाचे थेंब घालून रेटिनोस्कोपचा झोत बाहुलीत टाकायचा, परतणाऱ्या उजेडाची हालचाल बघत भिंगं बदलायची. नंबर मिळतो, मुलाने एक शब्द न बोलता. फिनलंडच्या डॉ. लेआ ह्यूव्हारिनेन यांनी तर सफरचंद, घर, गोल, चौकोन अशा चित्रांचे तक्ते केले; हातातल्या कार्डाशी जोडी लावली तरी पुरतं.

२०१३ साली पालघरपासून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत डाउन सिंड्रोम आहे आणि दृष्टिदोषही आहे. दोन्ही एकाच मुलात सापडतील, हे गृहीत धरूनच तपासणी व्हायला हवी. स्पेशल ऑलिम्पिक्सवाले लायन्स क्लबच्या मदतीने खेळाडूंचे डोळे स्पर्धेच्या ठिकाणीच तपासून चष्मे देतात. जे मैदानावर जमतं ते जिल्हा रुग्णालयात का जमू नये?

चष्मा मिळाल्यावरही काम संपत नाही. डाउन सिंड्रोमच्या मुलांचं नाक बसकं, त्यामुळे साधी फ्रेम घसरते. मूल ती भिरकावतं आणि चष्मा कपाटात जातो. डोक्यामागून इलॅस्टिकचा पट्टा, सुरुवातीला आवडत्या खेळापुरताच चष्मा, एवढ्यानेही बरीच मुलं रुळतात.

दाखल्याच्या मंडळांनी एक नियम करावा: डोळ्यांची तपासणी झाल्याखेरीज बुद्ध्यांक काढायचा नाही. मात्र ती त्याच दिवशी, त्याच केस पेपरवर व्हावी. एसटीने मूल घेऊन आलेल्या आईला त्यासाठी आणखी एक खेप घालायला लावू नये.